अर्ध्यावर थांबलेली थेरपी आणि खिशातून गेलेला गॅसचा खर्च

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई, मी कॅलिफोर्नियात ट्रेसीला राहते आणि फ्रीमाँटच्या एका प्रीस्कूलमधे टीचर आहे, एच-४ ईएडीवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर मिळालेल्या कामाच्या परवान्यावर. ऑगस्टमधे एका मुलाला डायपर टेबलवरून उचलताना उजव्या खांद्यात कळ आली आणि हात वरच जाईना. शाळेने वर्कर्स कॉम्पचा, म्हणजे कामावर झालेल्या इजेच्या विम्याचा, क्लेम केला, तो अ‍ॅक्सेप्टही झाला, तीन आठवडे घरी होते त्याचे पैसे आले. डॉक्टरांनी फिजिकल थेरपी सांगितली, पहिली ६ सेशन्स झाली आणि खूप फरक पडला. मग डॉक्टरांनी आणखी १२ मागितली तर इन्शुरन्सचं नकाराचं पत्र आलं, त्याला आज १२ दिवस झाले. डॉक्टरांच्या ऑफिसमधली बाई म्हणते काळजी करू नका, आम्ही परत रिक्वेस्ट पाठवू. थेरपी क्लिनिक म्हणतं कॅश देऊन चालू ठेवा. नवरा म्हणतो माझ्या हेल्थ इन्शुरन्सवर करून टाक, उगाच भांडण नको, ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. क्लिनिक शाळेजवळ, म्हणजे घरापासून ३८ मैल, घरी होते तेव्हा सहाही वेळा मुद्दाम तेवढ्यासाठी गेले. आता लाइट ड्युटीवर आहे, डॉक्टरांकडे शाळेतूनच जाते. डिरेक्टरना गॅसच्या, म्हणजे गाडीच्या पेट्रोलच्या, खर्चाचं विचारलं तर म्हणाल्या असं काही नसतं, आणि वर म्हणाल्या की अशा अपॉइंटमेंट्स वाढल्या तर शेड्यूलचा विचार करावा लागेल. मी काय करू? मला अहो-जाहो करू नका, तुमच्या धाकट्या बहिणीएवढी असेन.

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी ते नकाराचं पत्र काढ आणि त्याच्यावरची तारीख बघ, बाकीचं सगळं नंतर वाच. त्या पत्राच्या मागे एक अर्ज जोडलेला असेल, इंडिपेंडंट मेडिकल रिव्ह्यू, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांकडून नकाराची फेरतपासणी, सगळे त्याला आयएमआर म्हणतात. त्यात तुझं नाव, क्लेम नंबर, काय नाकारलं ते सगळं इन्शुरन्सवाल्यांनी आधीच भरलेलं असतं, तुला फक्त सही करायची असते आणि नकाराच्या पत्राची कॉपी जोडून पाठवायचं असतं. याला मुदत ३० दिवस आणि त्यातले तुझे १२ गेलेत. डॉक्टरांच्या ऑफिसमधली बाई चांगल्या मनाने "परत पाठवू" म्हणत असेल पण तिच्या भरवशावर हा अर्ज ठेवून देऊ नकोस. आज सही कर, दोन कॉपी काढ, एक तुझ्याकडे, एक अ‍ॅडजस्टरला (इन्शुरन्समधला तुझा क्लेम बघणारा माणूस), आणि मूळ अर्ज सर्टिफाइड मेलने पाठव म्हणजे पोचल्याची पावती तुझ्याकडे राहील. पैसे काही लागत नाहीत, या रिव्ह्यूचा खर्च इन्शुरन्सच्या डोक्यावर असतो.

मी हे इतक्या घाईने सांगतेय कारण मी बरीच वर्षं एका थेरपी क्लिनिकच्या ऑथरायझेशन डेस्कवर काम केलंय आणि चांगल्या चाललेल्या केसेस नेमक्या इथेच अडकलेल्या बघितल्यात. कॅलिफोर्नियात एकदा नकार आला की तो निर्णय १२ महिने लागू राहतो. डॉक्टरांनी मधल्या काळात तीच रिक्वेस्ट तशीच्या तशी परत पाठवली आणि काय बदललं हे लिहिलं नाही, तर इन्शुरन्सला त्याच्यावर परत विचार करायची गरजच नसते. म्हणजे इकडे तू वाट बघत बसतेस, तिकडे आयएमआरचे ३० दिवस संपतात, आणि दोन्ही दारं एकदम बंद. म्हणून अर्ज आत्ता, आणि नवी रिक्वेस्ट पण जाऊ दे, पण ती नीट लिहिलेली.

आता नीट म्हणजे काय, ते जरा सावकाश सांगते कारण सगळी मेख तिथे आहे.

तुझी पहिली ६ सेशन्स सहज का मिळाली आणि पुढची का अडली? २०१८ पासून असा नियम आहे की इजा झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांतली बरीचशी ट्रीटमेंट, नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे चालू असेल आणि गाइडलाइनमधे बसत असेल तर आधी तपासणी न करता होऊ शकते, आणि साधी थेरपी त्यात बसते. त्यानंतर मात्र प्रत्येक रिक्वेस्ट युटिलायझेशन रिव्ह्यूला जाऊ शकते, म्हणजे तुला कधीही न बघितलेला एक डॉक्टर कुठेतरी बसून तुझे कागद वाचतो आणि राज्याच्या ट्रीटमेंट गाइडलाइनशी ताडून हो किंवा नाही म्हणतो. तो तुझा खांदा बघत नाही, तुझ्याशी बोलत नाही, त्याच्या पुढ्यात तुझ्या डॉक्टरने पाठवलेला रिक्वेस्ट फॉर ऑथरायझेशनचा फॉर्म, ज्याला आरएफए म्हणतात, आणि त्याच्यासोबतचा प्रोग्रेस रिपोर्ट एवढंच असतं. त्यात जे नाही ते त्याच्यासाठी घडलेलंच नाही.

आणि त्या रिपोर्टमधे बहुतेक वेळा काय लिहिलेलं असतं माहितीये? "पेशंटला दुखतंय, दुखणं १० पैकी ६, थेरपीने बरं वाटतंय, थेरपी चालू ठेवावी." संपलं. तुला वाटेल दुखतंय म्हटल्यावर अजून काय पाहिजे, पण कॅलिफोर्नियाच्या नियमात शब्द आहे फंक्शनल इम्प्रूव्हमेंट, आणि त्याचा अर्थ नियमातच लिहून ठेवलाय: रोजच्या कामात ठळक सुधारणा किंवा कामावरची बंधनं कमी होणं, यातलं एक तरी पाहिजे, आणि त्यासोबत ट्रीटमेंटवर अवलंबून राहणं कमी होत चाललंय हे पण दिसायला पाहिजे. दुखणं ६ वरून ४ झालं ही सुधारणा त्यात मोजलीच जात नाही. तुझ्या नकाराच्या पत्रात कारण वाच, मला जवळजवळ खात्री आहे की सुधारणेची नोंद मिळाली नाही अशा अर्थाचं वाक्य असेल. तू म्हणतेस खूप फरक पडला, आणि कागद म्हणतो काही नोंद नाही, या दोन वाक्यांमधलं अंतर भरून काढणं हेच आता तुझं आणि तुझ्या डॉक्टरचं काम आहे.

तर पुढच्या अपॉइंटमेंटला जाताना अर्धं पान लिहून ने, इंग्रजीत, दोन रकाने, ऑगस्टमधे काय जमत नव्हतं आणि आता काय जमतं. केस विंचरता येत नव्हते, आता येतात. ब्राचा हूक मागे लावता येत नव्हता, आता कसाबसा लागतो. पोळ्या लाटताना दोन पोळ्यांनंतर हात गळायचा, आता सहा होतात, कणीक अजून नवराच मळतो. वरच्या फळीवरचा डबा अजून निघत नाही. शाळेत ५ पौंडांच्या वर उचलायचं नाही असं बंधन होतं, आता १५ पौंडांचं आहे, पण नोकरीत ३०-३५ पौंडांचं मूल उचलावं लागतं आणि ते अजून जमत नाही. माझं उदाहरण घेऊ नकोस, तुझं खरं जे असेल तेच लिही, वाढवून नको आणि आपल्या सवयीप्रमाणे "तसं ठीक आहे हो डॉक्टर" म्हणून कमी करून तर अजिबात नको. आपल्या बायकांचं हे नेहमीचं आहे, घरी रात्री कुशीवर झोपता येत नाही आणि डॉक्टरने विचारलं की चेहरा हसरा करून फाइन म्हणायचं. तो फाइन शब्द रिपोर्टमधे जातो आणि तिथेच राहतो.

दुसरं, थेरपिस्टकडे मोजमापं असतात. पहिल्या दिवशी हात किती अंशांपर्यंत वर जात होता आणि सहाव्या सेशनला किती, ताकद किती होती आणि किती झाली, हे सगळं त्यांच्या नोट्समधे लिहिलेलं असतं. पण त्या नोट्स थेरपी क्लिनिकच्या कॉम्प्युटरमधे पडून राहतात आणि डॉक्टरची रिक्वेस्ट त्यांच्याशिवायच जाते, हे मी किती वेळा पाहिलंय. तू थेरपी क्लिनिकला फोन कर आणि सांग की माझा प्रोग्रेस रिपोर्ट डॉक्टरच्या ऑफिसला फॅक्स करा आणि एक कॉपी मला द्या. ती कॉपी तू स्वतः अपॉइंटमेंटला घेऊन जा. मग डॉक्टरला म्हण की आरएफएसोबत हे जोडा, आणि रिपोर्टमधे लिहा की मागच्या निर्णयानंतर काय बदललं, १२ सेशन्समधे काय गाठायचंय, आणि घरचा व्यायाम चालू आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण ट्रीटमेंटवरचं अवलंबून राहणं कमी होतंय हे दाखवायचा तोच सरळ रस्ता आहे. तू घरी व्यायाम करतेस ना? रबर बँडचे, भिंतीवर बोटं चढवत नेण्याचे? करत असशील तर कॅलेंडरवर टिक कर आणि तो फोटो पण दाखव.

अजून एक सोपी गोष्ट जी डॉक्टरांची ऑफिसं सहसा करत नाहीत. नकाराच्या पत्रात ज्या डॉक्टरने नकार दिला त्याचं नाव आणि तो फोनवर कधी सापडेल त्या वेळा दिलेल्या असतात. तुझा डॉक्टर त्याला फोन करू शकतो. कधीकधी दोन डॉक्टर पाच मिनिटं बोलतात आणि १२ ऐवजी ६ तरी मंजूर होतात. तू विनंती कर, फार तर नाही म्हणतील. पण असं बोलणं चालू आहे म्हणून आयएमआरची मुदत थांबत नाही हं, ती चालूच असते.

आयएमआरबद्दल तुला खोटी आशा देणार नाही. तिथे पोचलेल्या बहुतेक केसेसमधे आधीचा नकारच कायम होतो. राज्याच्या वतीने मॅक्सिमस नावाची कंपनी हे काम बघते, त्यांचे डॉक्टर पण कागदच वाचतात. म्हणूनच मी सारखी कागद कागद करतेय. केस नेमल्याचं पत्र तुला येईल, त्यात तुला तुझी कागदपत्रं पाठवायची सोय आणि मुदत दिलेली असते, तेव्हा थेरपिस्टचा रिपोर्ट आणि ते अर्धं पान पाठव. अर्ज केला नाही तर मात्र नकार आपोआप पक्का होतो, म्हणून केलाच पाहिजे.

नकार देण्याचा अधिकार कोणाला आहे हे पण माहीत असू दे. मेडिकल कारणावरून नाही म्हणायचं असेल तर ते फक्त डॉक्टर म्हणू शकतो, अ‍ॅडजस्टर नाही. अ‍ॅडजस्टर मंजुरी देऊ शकतो, पण फोनवर "सॉरी, एवढीच सेशन्स मिळतात" असं त्याने सांगितलं तर तो निर्णय नाही, ते नुसतं बोलणं आहे. लेखी मागायचं. आणि आरएफए मिळाल्यावर त्यांना साधारण ५ कामाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो, जास्तीची माहिती मागितली तर १४ दिवसांपर्यंत. ही वेळ चुकली तर २०१४ च्या डुबॉन केसपासून तो प्रश्न आयएमआरऐवजी वर्कर्स कॉम्पच्या जजसमोर नेता येतो. म्हणून डॉक्टरच्या ऑफिसला विचार की मागची रिक्वेस्ट कुठल्या तारखेला फॅक्स झाली, आणि ती तारीख नकाराच्या पत्राच्या तारखेशी जुळवून बघ.

२४ सेशन्सचा आकडा तुझ्या कानावर येईलच. कायद्यात एका इजेसाठी फिजिकल थेरपीची कमाल मर्यादा २४ व्हिजिट्सची आहे. ती मर्यादा आहे, हक्काचा कोटा नाही, त्यामुळे "२४ मिळतातच" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या ६ आणि मागितलेल्या १२ मिळून १८ होतात, म्हणजे तुझं अडलंय ते या मर्यादेमुळे नाही. पुढे गरज पडली तर इन्शुरन्स लेखी परवानगी देऊन २४ च्या पुढे जाऊ शकतं, आणि ऑपरेशननंतरच्या थेरपीला ही मर्यादा लागत नाही.

आता कॅश आणि नवऱ्याचा हेल्थ इन्शुरन्स. दोन्ही नको. वर्कर्स कॉम्पमधे को-पे नसतो, डिडक्टिबल नसतं, कामावर झालेल्या इजेचा खर्च एम्प्लॉयरच्या विम्याने उचलायचा असतो. नाकारलेली थेरपी स्वतःच्या पैशाने केलीस तर ते पैसे परत मिळवणं फार अवघड. हेल्थ इन्शुरन्सच्या फॉर्मवर एक प्रश्न असतोच, ही इजा कामामुळे झाली का? त्याला खरं उत्तर दिलंस तर ते म्हणतील कॉम्पकडे जा, आणि खोटं उत्तर तू देऊ नयेस, विशेषतः ग्रीन कार्डची कागदपत्रं चालू असताना.

ग्रीन कार्डची भीती मी समजू शकते, आपल्याकडे घराघरात ती आहे आणि त्यापायी लोक हक्काच्या गोष्टी सोडून देतात. पण वर्कर्स कॉम्प ही सरकारकडून घेतलेली मदत नाही. तुझ्या शाळेने प्रीमियम भरून काढलेला विमा आहे आणि तो काढणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. त्यात चूक कोणाची हे पण बघत नाहीत, त्यामुळे हे भांडण नाही, कोणावर केस टाकणं नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर इमिग्रेशन स्टेटस काहीही असलं तरी हा हक्क आहे, आणि तू तर रीतसर ईएडीवर काम करतेस. नवऱ्याला हा परिच्छेद वाचायला दे.

मग तुझा गॅसचा खर्च. तुझ्या डिरेक्टर म्हणाल्या असं काही नसतं, तर असतं, आणि ते ट्रीटमेंटचाच भाग धरलं जातं. डॉक्टर, थेरपी, औषध आणायला फार्मसी, या सगळ्याला जाण्यायेण्याचे मैल मिळतात, वर पार्किंग आणि ब्रिजचा टोल. प्रवास ज्या दिवशी झाला त्या दिवशीचा दर लागतो, २०२४ मधे मैलाला ६७ सेंट होता, २०२५ मधे ७० सेंट. तुझा हिशोब करून दाखवते. घरी होतीस तेव्हा ६ वेळा घरून गेलीस, ३८ मैल जाऊन ३८ येऊन ७६, सहा वेळा म्हणजे ४५६ मैल, ७० सेंटने ३१९ डॉलर २० सेंट होतात. हे तू सोडून देणार होतीस! आता डॉक्टरकडे शाळेतून जातेस आणि परत शाळेत येतेस, समज ५ मैल जाऊन येऊन १०, तर त्या दिवशी १० मैलच लिहायचे, घरापासूनचे नाही, कारण शाळेत तर तू तशीही जाणारच होतीस. खरं ते लिही, त्यांच्याकडे पण मॅप आहे आणि एक आकडा फुगवलेला सापडला की बाकीच्यांवर पण शंका घेतात.

हे पैसे शाळा देत नाही, इन्शुरन्स देतं, त्यामुळे डिरेक्टरना विचारून उपयोग नव्हताच. अ‍ॅडजस्टरकडे मेडिकल मायलेजचा फॉर्म मागायचा, राज्याच्या डिव्हिजन ऑफ वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या साइटवर पण तो आहे. तारीख, कुठून कुठे, किती मैल, पार्किंग किती, एवढंच भरायचं असतं. अपॉइंटमेंट्सच्या तारखा आठवत नसतील तर थेरपी क्लिनिककडून व्हिजिट्सची यादी मागून घे, ती त्यांना एका क्लिकवर निघते. फॉर्मवर क्लेम नंबर घाल, ईमेलने किंवा फॅक्सने पाठव, पाठवल्याचा पुरावा ठेव, आणि इथून पुढे दर महिन्याला पाठवत जा, साठवून ठेवलं की तारखा विसरायला होतात. फार्मसीचे मैल बहुतेक सगळे विसरतात, ते पण घाल. कारण न देता पैसे अडवून ठेवले तर कायद्यात दंडाची तरतूद आहे, अडवलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत किंवा १०,००० डॉलरपर्यंत, दोन्हीतलं जे कमी असेल ते, आणि हे अ‍ॅडजस्टरला माहीत असतं, त्यामुळे नम्रपणे दोनदा लेखी आठवण केली की बहुतेक चेक येतो.

आणि मुळात ३८ मैल कशाला? दुखऱ्या खांद्याने ५८० फ्रीवेवर तासभर स्टिअरिंग धरायचं म्हणजे थेरपीने मिळालेलं रस्त्यातच घालवायचं. विमा कंपनीचं मेडिकल प्रोव्हायडर नेटवर्क असतं, एमपीएन, त्यात घराजवळ, ट्रेसी नाहीतर मँटेका, लिव्हरमोर इथे थेरपी क्लिनिक आहे का ते बघ. नियम असा आहे की मुख्य डॉक्टर तुझ्या घरापासून किंवा कामाच्या जागेपासून ३० मिनिटं किंवा १५ मैलांच्या आत मिळायला पाहिजे, तुझा डॉक्टर शाळेजवळ आहे म्हणजे नियम पाळलाय, पण तू थेरपी घराजवळ मागू शकतेस. प्रत्येक नेटवर्कला मेडिकल अ‍ॅक्सेस असिस्टंट ठेवावाच लागतो, टोल-फ्री नंबरवर सोमवार ते शनिवार सकाळी ७ ते रात्री ८ माणूस मिळतो, त्याचं कामच हे की तुला डॉक्टर आणि अपॉइंटमेंट शोधून द्यायची. नंबर तुला क्लेमच्या वेळी आलेल्या एमपीएनच्या पत्रकात असेल. क्लिनिक सापडलं की डॉक्टरला सांग, नव्या आरएफएमधे त्याच क्लिनिकचं नाव घाला. खांद्यामुळे गाडी चालवणंच बंद असेल तर डॉक्टर तसं लिहून जाण्यायेण्याची सोय पण मागू शकतो. आणि डॉक्टर तुझं ऐकूनच घेत नाहीये असं वाटलं तर पहिल्या व्हिजिटनंतर नेटवर्कमधला दुसरा डॉक्टर निवडायचा हक्क तुला आहे.

जाता जाता, हे वाचणाऱ्या कोणाचे आईवडील इथे ग्रोसरीत किंवा किचनमधे काम करत असतील आणि इंग्रजी फार येत नसेल तर मेडिकल अपॉइंटमेंटला दुभाषा मिळायचा हक्क आहे, त्याचे पैसे पण विमा देतो. सुनेने रजा काढून जायची गरज नाही.

राहिलं तुझ्या डिरेक्टरचं ते शेड्यूलचं वाक्य. त्यांनी रागाने म्हटलं असेल, स्टाफ कमी असेल, मी त्यांच्या मनातलं सांगू शकत नाही. पण क्लेम केला किंवा ट्रीटमेंटला गेली म्हणून तास कमी करणं, धमकावणं, काढून टाकणं हे कॅलिफोर्नियात बेकायदा आहे, लेबर कोडचं कलम १३२ए त्यासाठीच आहे, आणि तक्रार करायला एक वर्ष असतं. तू आज लगेच कलम तोंडावर फेकू नकोस. त्या दिवशीची तारीख आणि त्या नेमकं काय म्हणाल्या ते लिहून ठेव, आणि एक साधा ईमेल कर, की माझ्या पुढच्या अपॉइंटमेंट्स अमुक तारखांना आहेत, शक्य तेवढ्या मी शाळा सुटल्यावरच्या घेतेय. म्हणजे तू सहकार्य करतेस हे पण लेखी राहतं. घराजवळचं क्लिनिक मिळालं तर संध्याकाळच्या वेळा मिळण्याची शक्यता वाढते. कामाच्या वेळेत जावं लागलंच तर तुझी पगारी सिक लीव्ह वापर, २०२४ पासून राज्यात वर्षाला किमान ५ दिवस किंवा ४० तास द्यावेच लागतात आणि स्वतःच्या ट्रीटमेंटला ती वापरता येते. आणि इन्शुरन्सनेच तुला कुठे तपासणीला बोलावलं तर प्रवासाचे पैसे आणि बुडलेल्या दिवसाची भरपाई, दोन्ही मागायचं.

वकील करायचा का? आत्ताच्या घडीला, क्लेम अ‍ॅक्सेप्ट झालेला असताना आणि प्रश्न फक्त थेरपी आणि मायलेजचा असताना, मी आधी राज्याच्या इन्फर्मेशन अँड असिस्टन्स ऑफिसरकडे जाईन. हे लोक फुकट मदत करतात, फॉर्म भरायला बसवतात, अ‍ॅडजस्टरला फोन पण करतात. तुला स्टॉकटनचं ऑफिस जवळ पडेल, शाळेच्या बाजूने ओकलंड, नाहीतर १-८००-७३६-७४०१ ला फोन कर. जाताना नकाराचं पत्र, क्लेम नंबर आणि आयएमआरच्या अर्जाची कॉपी घेऊन जा. खांद्यात रोटेटर कफ फाटल्याचं निघालं, ऑपरेशनची गोष्ट निघाली, किंवा शाळेने खरंच तास कापले, तर मात्र वर्कर्स कॉम्पचाच वकील गाठ, इमिग्रेशनचा किंवा ओळखीतला कोणीतरी नको. त्यांना आधी पैसे द्यावे लागत नाहीत, फी नंतरच्या भरपाईतून, साधारण १५ टक्क्यांपर्यंत, आणि ती पण जज मंजूर करतो.

सर्टिफाइड मेलला पोस्ट ऑफिसमधे जावं लागेल आणि शनिवारी काउंटर लवकर बंद होतं, तर उद्या शाळेत जायच्या आधीच जाऊन ये. आयएमआरचं काय झालं ते मला कळव, आणि नव्या रिपोर्टची कॉपी हातात आली की ती इन्शुरन्सला जायच्या आधी एकदा स्वतः वाच, त्यात तुझ्या अर्ध्या पानातलं काय काय उतरलंय ते बघ, आणि उतरलं नसेल तर तिथल्या तिथे सांग.